शनी तीस मीटर अलीकडे

ठाण्यापासून कल्याणपर्यंत अंतर मिनिटांत सांगायची पद्धत आहे. घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर असतं, शाळा घरापासून तीन मिनिटांवर, आणि नव्या इमारतीच्या जाहिरातीत सगळंच सगळ्यापासून दहा मिनिटांवर. ही मिनिटं पायी की रिक्षाने, सकाळची की संध्याकाळची, हे विचारायचं नसतं. जगन अहिरे विचारायचे.

"दोन मिनिटं म्हणजे किती मीटर?" हा प्रश्न त्यांनी रिक्षावाल्यांना विचारला, डॉक्टरांना विचारला आणि दीप्तीच्या, म्हणजे मुलीच्या, लग्नाच्या बोलणीत वर्तकनगरच्या पाहुण्यांनाही विचारला. पाहुणे म्हणाले होते की आमचं घर नाक्यापासून दोन मिनिटांवर. अहिरे पुढच्या रविवारी जाऊन मोजून आले. चारशे दहा मीटर. दोन मिनिटांत चारशे दहा मीटर चालणारं कुटुंब तब्येतीने ठणठणीत असणार, असा निष्कर्ष काढून त्यांनी होकार कळवला. संसार उत्तम चालला आहे.

त्यांचा दोष नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी खात्यात जमिनीची मोजणी केली. दोन भावांच्या बांधामध्ये टेप धरून उभं राहिलेल्या माणसाला 'साधारण' हा शब्द परवडत नाही. टिटवाळ्यापासून शहापूरपर्यंत त्यांना 'अहिरे सर्व्हेअर' म्हणून ओळखणारी माणसं आजही भेटतात, आणि त्यातली निम्मी अजून त्यांच्यावर रागावलेली आहेत. पण मोजणी चुकली असं त्यातला एकही म्हणत नाही. बांध चुकला, वडील चुकले, कायदा चुकला, असं म्हणतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी खडवलीला नदीची रुंदी मोजायची होती. पावसाळा नुकताच संपला होता, पाणी भरपूर होतं, आणि अहिऱ्यांना पोहता येत नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, "पलीकडे जायचंच कशाला?" त्यांनी या काठावर दोन खांब रोवायला लावले, मधलं अंतर नीट मोजलं, आणि दोन्ही खांबांपासून पलीकडच्या एकाच झाडाकडे बघून कोन घेतले. बाकीचं काम कागदावर. नदीच्या पाण्याला बोटही न लावता नदीची रुंदी मिळाली. अहिऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यात थक्क व्हायचा तो एकच प्रसंग. लग्नाचा दिवससुद्धा त्यानंतर. हे ते मीराबाईंच्या, म्हणजे पत्नीच्या, समोर सांगत. मीराबाई म्हणत, "बरोबर आहे. लग्नात कोन कुठे होते?"

निवृत्तीनंतर ते डोंबिवली पूर्वेच्या आमच्या वाचनालयात रोज येऊ लागले. तिथे त्यांच्या हाती खगोलशास्त्राचं एक जुनं पुस्तक लागलं आणि दुसऱ्यांदा थक्क व्हायची पाळी आली. ताऱ्यांची अंतरंही खडवलीच्याच पद्धतीने मोजतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणजे जानेवारीत ती एका काठावर असते आणि जुलैत दुसऱ्या. हे झाले दोन खांब. मधलं अंतर तीस कोटी किलोमीटर. दोन्हीकडून एकाच ताऱ्याकडे बघायचं आणि मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो किती सरकलेला दिसतो ते टिपायचं. हाताचा अंगठा डोळ्यांपुढे धरून आधी एक डोळा मिटला, मग दुसरा, की अंगठा भिंतीवर उडी मारतो, तेच. फक्त सगळ्यात जवळच्या ताऱ्याची उडीसुद्धा अशी, की तीनेक किलोमीटरवर कोणी रुपयाचं नाणं धरलं तर त्याच्या रुंदीचा हिशोब करावा लागेल. तोही माणसांनी केला.

"म्हणजे हे लोक आपल्याच खात्यातले," अहिरे म्हणाले. त्यांचा चेहरा निवृत्तीनंतर पहिल्यांदा कामावर असल्यासारखा दिसला.

प्रकाशवर्ष मात्र त्यांना पटलं नाही. प्रकाश एका वर्षात जेवढा जातो तेवढं अंतर, म्हणजे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. "पुन्हा तेच," ते म्हणाले. "स्टेशनपासून पाच मिनिटं." ग्रंथपाल अमृता साळवी भौतिकशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, "काका, प्रकाशाचा वेग ठरलेला असतो. रिक्षाचा नसतो." हा फरक त्यांनी मान्य केला, पण मनापासून नव्हे. त्यांना आवडलं ते पार्सेक हे माप. पृथ्वी ते सूर्य एवढ्या अंतरावर दोन खांब धरले, की ज्या ताऱ्याचा कोन बरोबर एक विकला, म्हणजे एका अंशाचा छत्तीसशेवा भाग, भरतो, तो एक पार्सेकवर. सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आसपास. हे माप कोनातून जन्माला आलेलं होतं, सबब मोजणीदाराचं होतं.

इतकी मापं कशाला, असं कोणी विचारलं की ते म्हणत, "तुम्ही फ्लॅट एकरात विकत घेता का? शेत चौरस फुटांत घेता का?" सूर्यमालेत पृथ्वी-सूर्य अंतर हे एक माप धरायचं, ताऱ्यांना पार्सेक. कोनही दिसेनासा होतो तिथे तेजावरून अंदाज. रस्त्यावरचे सगळे दिवे एकाच वॅटचे आहेत हे माहीत असेल, तर मंद दिसणारा किती लांब ते काढता येतं. काही ताऱ्यांचं खरं तेज असंच माहीत असतं. पण त्या दिव्यांचा पहिला हिशोब कोनांवर बसवलेला, कोनांचा हिशोब पृथ्वी-सूर्य अंतरावर. "मोजणीची पहिली साखळी चुकली," अहिरे म्हणत, "की पुढचं सगळं विश्व चुकतं." हे वाक्य ते जरा जास्तच समाधानाने म्हणत.

अशा माणसाला वाचनालयाच्या समितीने काम दिलं नसतं तरच नवल. वाचनालयाने ठरवलं की विज्ञान दिनाला, अठ्ठावीस फेब्रुवारीला, डोंबिवलीहून कल्याणकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर सूर्यमाला मांडायची. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. वाचनालयाच्या दारात सूर्य, दीड मीटरला थोडा कमी. एकशे पन्नास मीटरवर पृथ्वी, लहान गोटीएवढी. गुरू सातशे अठ्ठ्याहत्तर मीटरवर, शनी चौदाशे चौतीसवर, युरेनस दोन हजार आठशे एकाहत्तरवर आणि नेपच्यून साडेचार किलोमीटरवर, जवळजवळ कल्याणात. प्रत्येक ठिकाणी सिमेंटात रोवलेला लोखंडी पाइप आणि त्यावर पाटी. समितीच्या आग्रहाने पाटीवर प्रकाशाला लागणारा वेळही लिहिला. पृथ्वीची 'सूर्यापासून ८ मिनिटे' ही पाटी लागल्यावर तीन दिवसांत दोघांनी अमृताला फ्लॅटच्या बुकिंग ऑफिसचा नंबर विचारला.

अहिऱ्यांनी डिसेंबरात तीस मीटरची टेप घेऊन सगळा रस्ता मोजला. पाट्या लागल्या. परवानग्या मिळाल्या. समितीत विज्ञानाचे तीन पदवीधर होते. शनीची पाटी कोणाच्या दारात येते, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नाही.

इथे भाऊंबद्दल सांगायला हवं. भाऊ हे अहिऱ्यांचे थोरले बंधू, कळव्याला मुलाकडे राहणारे, जन्मभर गणित शिकवलेले. लहानपणी दोघा भावांत पाढ्यांची स्पर्धा असे आणि भाऊ नेहमी जिंकत. तीन वर्षांपूर्वी नातवंडांना गंमत म्हणून ते एकोणतीसचा पाढा म्हणायला लागले. एकोणतीस, अठ्ठावन्न, आणि थांबले. हसले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले. तेव्हा सगळेच हसले होते. आता भाऊ जगनला ओळखतात, पण खात्यातला कोणीतरी साहेब म्हणून; उठून खुर्ची देतात. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं की कधी कधी असं घराण्यात असतं. तेव्हापासून अहिरे रोज सकाळी आंघोळ करताना एकोणतीसचा पाढा म्हणतात. मीराबाईंना वाटे, अभंग पुटपुटतात की काय. नंतर कळलं. त्यांनी कधी विषय काढला नाही.

उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना अहिरे शेवटची पडताळणी करायला निघाले. नियमच आहे, काम सोपवण्याआधी एकदा उलटतपासणी. सकाळी साडेसहाला टेपचं दुसरं टोक धरायला वाचनालयाचा शिपाई कमलेश होता. बुध ठीक, शुक्र ठीक, पृथ्वी, मंगळ, गुरू ठीक. शनी आला तेव्हा वहीत सेहेचाळीस टेपा आणि वर तेवीस मीटर साठ सेंटिमीटर होते. चौदाशे तीन पूर्णांक सहा. चौदाशे चौतीस नव्हेत.

त्यांनी गुरूपासून पुन्हा मोजलं. तेच.

टेपने मोजणाऱ्याची एक नेहमीची चूक असते. मोजता मोजता कोणी हाक मारतं, लक्ष उडतं आणि एक अख्खी टेप जास्त किंवा कमी धरली जाते. ही शिकाऊ माणसाची चूक. पहिल्या सहा महिन्यांत होते, वरिष्ठ सगळ्यांसमोर पाणउतारा करतात, मग पुन्हा होत नाही. अहिऱ्यांची झाली नव्हती. आता सदुसष्टाव्या वर्षी, तीस मीटर.

"साहेब, युरेनसकडे जायचं ना?" कमलेशने विचारलं.

"नको," अहिरे म्हणाले. "आज एवढंच."

पुढे युरेनस मोजला असता तर तासाभरात सगळा उलगडा झाला असता. पण घाबरलेला माणूस मोजत नाही. ते वाचनालयात गेले, मोजणीची वही अमृताच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले की शनी चुकला आहे, पुढचेही चुकले असतील, दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या, आणि अठ्ठावीस तारखेला माझं भाषण ठेवू नका.

"काका, तीस मीटरने काय होतं? कोणाला कळणारे?"

"मला कळलं ना."

घरी ते खिडकीशी बसून राहिले. मीराबाईंनी चहा ठेवला, तो गार झाला, त्यांनी उचलला, दुसरा ठेवला. शेवटी त्या समोर बसल्या.

"काय झालंय?"

"भाऊंचं झालं तेच."

"पाढा चुकला?"

त्यांनी चमकून बघितलं. पाढ्याचं हिला माहीत आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मग सगळं सांगितलं: डिसेंबरात टेप मोजताना एक टेप विसरलो, लक्षातही आलं नाही, पाटी तिथेच लावून टाकली, आणि दोन महिने लोकांना सांगत फिरलो की पहिली साखळी चुकली की विश्व चुकतं.

मीराबाई सातवी शिकलेल्या. पण चाळीस वर्षं जेवताना त्यांनी मोजणीशिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं.

"किती कमी भरलं?"

"तीस मीटर."

"बरोबर तीस?"

"तीस मीटर चाळीस सेंटी."

"मग ते चाळीस कुठून आले?"

"म्हणजे?"

"अहो, तुम्ही विसरलात तर अख्खी टेप विसराल. तीस. वरचा हातभर तुकडा कसा विसराल? गुरूपर्यंत किती फरक होता?"

"एक-दोन सेंटी."

"मग शनीलाच चाळीस कसे?"

चाळीस सेंटिमीटर. छत्तीस वर्षांत ज्यांनी चार सेंटिमीटरसाठी दोन गावांना कोर्टात पाठवलं, त्यांनी चाळीस सेंटिमीटर भीतीपोटी सोडून दिले होते. ते उठले, चपला घातल्या. मीराबाईंनी पदर खोचला आणि दाराला कुलूप लावलं.

पाटी गुपचूप उभी होती, शेजारी विजेचा डीपी. अहिऱ्यांनी आता पहिल्यांदा पाटीऐवजी पायथ्याकडे बघितलं. सिमेंट नवं होतं, हाताने थापलेलं; आपल्या गवंड्याने कडा घोटून दिल्या होत्या. तिथून ते तीस मीटर पुढे गेले. 'ओमसागर' सोसायटीचं फाटक. फाटकाशेजारच्या फरशीवर बरोबर पाइपाएवढं गोल ठिगळ, आणि त्यावर तुळशीची कुंडी.

फाटकाआत प्लास्टिकच्या खुर्चीवर हौसाबाई बसल्या होत्या. ही इमारत ज्या शेतावर उभी आहे ते शेत त्यांचं होतं. सोसायटीत त्यांचे चार फ्लॅट आहेत, आणि सेक्रेटरी कोणीही असला तरी कारभार खुर्चीवरून चालतो.

"मावशी," अहिरे म्हणाले, "इथे एक पाटी होती."

"व्हती. मीच काढवली. संक्रांतीचे आदी." त्यांनी जराही लपवलं नाही. "तुमीच लावलाव काय ती?"

"हो."

"जरा तरी इचार करायचा! शनी कोन दारान बसवतं?"

"मावशी, शनी म्हणजे ग्रह आहे."

"मंग मना काय ठाव नाय? ग्रह हाय म्हनूनच तं काढला!"

"पण आम्ही मोजून लावला होता."

"आमीबी मोजूनच काढला. कंपाउंड सपलं तवा थांबलू."

"आणि डीपीजवळ का लावलात?"

"डीपीला काय साडेसाती लागनार? ती आदीच लागलेली हाय."

अहिरे एकदम खाली बसले, फाटकाच्या कट्ट्यावर. हौसाबाई घाबरल्या. "आता काय झालं? पानी आना रं! बगा, अजून तं पाटी परत बसवली बी नाय."

"काही नाही, मावशी," मीराबाई म्हणाल्या. "बरं वाटतंय त्यांना."

ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत, जसे ते मोजणी जुळली की हसायचे. पाणी आलं ते त्यांनी पूर्ण प्यायलं, आणखी मागितलं. मग विचारलं की काढताना पाइप उचलून नेला की कापला. उचलून नेला, हे कळल्यावर कामगारांची तारीफही केली. हौसाबाईंना इतका समजूतदार सरकारी माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. त्यांच्या शेताची मोजणी दुसऱ्या कोणी केली होती, हे दोन्ही बाजूंचं नशीब.

त्याच दुपारी कमलेशला घेऊन अहिरे पुढे गेले. युरेनस जागच्या जागी. नेपच्यून सहा सेंटिमीटर पुढे, जे साडेचार किलोमीटरच्या मानाने त्यांनी उदार मनाने माफ केलं. संध्याकाळी वाचनालयात येऊन वही परत मागितली.

शनीचं काय करायचं, हा प्रश्न मात्र उरला. समितीतले पदवीधर म्हणाले की अंधश्रद्धेपुढे झुकायचं नाही, पाटी फाटकाशीच हवी. अमृता म्हणाली की मग ती दर महिन्याला सरकेल. सगळ्यांना वाटलं, अहिरे अडून बसणार. आयुष्यात एक सेंटिमीटर न सोडलेला माणूस. शिवाय साडेसातीवर त्यांचा इतका अविश्वास, की भावकीतल्या पत्रिका बघणाऱ्यांशी बोलणंही तुटलेलं.

अहिरे म्हणाले, "शनीची कक्षा गोल नाही. सूर्यापासून तो आपल्या मापाने कधी तेराशे त्रेपन्न मीटरवर असतो, कधी पंधराशे चौदावर. चौदाशे चौतीस ही नुसती सरासरी. एकशे साठ मीटरच्या टापूत तो स्वतःच फिरतो. चौदाशे तीन पूर्णांक सहावर तो साधारण पुढच्या वर्षी येणारच आहे. हौसाबाईंनी त्याला थोडं लवकर पाठवलं, एवढंच. पाटीवर सरासरी लिहा आणि खाली या जागेचं खरं अंतर लिहा. राहू दे डीपीपाशी."

"म्हणजे तुम्ही अंतर साधारण धरताय?" एका पदवीधराने विचारलं.

"नाही. शनी साधारण आहे. अंतर मोजलेलं आहे."

ठराव एकमताने मंजूर झाला. हौसाबाईंनी सूर्याजवळ लावायला झेंडूची माळ पाठवली. सूर्याला त्यांची हरकत नव्हती.

अठ्ठावीस तारखेला सकाळी नऊला वाचनालयाच्या दारात शंभरेक माणसं जमली. अहिरे वीस मिनिटं बोलले. नदी सांगितली, अंगठा सांगितला, दोन खांब सांगितले. कागद हातात नव्हता. शेवटी शाळेतल्या एका मुलीने विचारलं, "सर, सगळ्यात जवळच्या ताऱ्याची पाटी कुठे लावणार?"

हे भाषणात नव्हतं. समितीनेही कधी काढलं नव्हतं. पुढच्या रांगेत बसलेल्या मीराबाईंनी पर्समधून मोबाइल बाहेर काढला आणि कॅल्क्युलेटर उघडायला अंगठा नेला.

अहिऱ्यांनी डोळे मिटले. "प्रॉक्सिमा. एक पूर्णांक तीन पार्सेक आणि वर थोडी चिल्लर. एका पार्सेकचे तीस लाख शहाऐंशी हजार कोटी किलोमीटर. त्याचे तीन दशांश, नऊ लाख सव्वीस हजार कोटी. मिळवले. वरची चिल्लर धरून चाळीस लाख अठरा हजार कोटी. दहा लाखांना एक मीटर." ते थांबले. मीराबाईंचा अंगठा तसाच हवेत. "चाळीस हजार एकशे ऐंशी किलोमीटर."

"एवढा रस्ता कुठे आहे?" मुलगी म्हणाली.

"आहे ना. पृथ्वीचा घेर चाळीस हजार पंच्याहत्तर. इथून निघायचं, सरळ जायचं, पृथ्वीला एक अख्खी फेरी मारून परत इथेच डोंबिवलीत यायचं, आणि तिथून पुढे एकशे पाच किलोमीटर." त्यांनी डोळे उघडले. "पुण्याच्या वेशीवर. आत नाही. शहराच्या मध्यापासून पाच-सहा किलोमीटर अलीकडेच."

डोंबिवलीकरांनी टाळ्या वाजवल्या. काहींनी गणितासाठी, बहुतेकांनी पुणं चुकल्याबद्दल. मीराबाईंनी मोबाइल बंद केला, पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावून टाकली.